फाळक्यांचा सिनेमा : एका नाशिककर प्रेक्षकाचे मत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'नाशिक आणि सिनेमा' हा विषय माझ्या गळ्यात घातला, आणि सोबत एक सूचनाही केली : दादासाहेब फाळक्यांवर गौरवपर चार पाने द्यावीत. गौरवाला माझी हरकत नाही. पण गौरव आपण सगळ्यांनी शाळेतच भरपूर ऐकला आहे. दर १६ फेब्रुवारीला परिपाठात कोणीतरी उभे राहून सांगायचे : जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर, भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, मृत्यू १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक. मग टाळ्या आणि पहिला तास. फाळक्यांचा एक तरी सिनेमा आपल्यापैकी कोणी पाहिला होता का? आपल्या गुरुजनांनीही पाहिलेला नव्हता, कारण तो पाहायला मिळतच नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीचा गौरव आम्ही दहा वर्षे इमानेइतबारे करत होतो.

नंतर पुण्यात नोकरीला असताना राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पडद्यावर त्यांचे उरलेसुरले चित्रपट मी पाहिले, आणि पुढे अनेकदा पाहिले. तेव्हा जे वाटले ते इथे लिहितो. पद्धत मात्र शाळेतलीच. आठवीत आम्हाला शाळेने 'श्यामची आई'च्या खास खेळाला नेले होते. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी वहीच्या पानावर उभी रेघ मारायला लावली : डावीकडे काय भावले, उजवीकडे काय खटकले. उजवी बाजू कोरी ठेवणाऱ्याला दहापैकी पाच. 'श्यामच्या आई'त खटकणार काय, म्हणून सगळा वर्ग पेन चावत बसला. मागच्या बाकावरच्या एकाने लिहिले, 'सगळेच फार रडतात.' वर्ग हसला, बाईंनी त्याला आठ दिले. तो आज निवृत्त बँक अधिकारी आहे आणि अजूनही सिनेमा बघताना रडत नाही.

फाळक्यांच्या बाबतीत पहिली अडचण अशी की पाहायचे काय? त्यांच्या नावावर ९०हून अधिक चित्रपट आणि २५हून अधिक लघुपट सांगितले जातात. त्यांतले आज पडद्यावर लावता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र' मुळात चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला. त्यातले पहिले आणि शेवटचे रीळ संग्रहालयात आहे. त्यातही गंमत अशी, की काही अभ्यासकांच्या मते ही दोन रिळे १९१३ ची नाहीतच. फाळक्यांनी १९१७ साली हाच विषय पुन्हा चित्रित केला, त्यातली ती आहेत. म्हणजे ज्या चित्रपटाला आपण दरवर्षी हार घालतो, त्याची एकही चौकट आपण पाहिलेली नसण्याची शक्यता आहे. (तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ चा, मग पहिला कोण, हा वाद मी इथे काढत नाही. तो काढला की जेवण थंड होते.)

तर जे आहे त्यावर बोलू.

हरिश्चंद्राच्या पहिल्या रिळात राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे, राणी तारामती शेजारी उभी आहे. हे दृश्य थेट रविवर्म्याच्या चित्रातून उतरल्यासारखे आहे, आणि त्यात नवल नाही. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण केलेले, रविवर्म्याच्या शिळाछापाचे काम केलेले. चौकट कशी भरायची हे त्यांना कॅमेरा हाती येण्याआधीच ठाऊक होते. दोष मात्र त्याच गुणातून निघतो. माणसे चित्रातल्यासारखी प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीने उभी राहतात आणि कॅमेरा पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थासारखा जागचा हलत नाही. त्या काळी युरोपातही बराच सिनेमा असाच होता हे खरे. पण त्याच दशकात अमेरिकेत ग्रिफिथ चेहऱ्याजवळ जाऊ लागला होता. फाळके चेहऱ्यापाशी क्वचित जातात. हरिश्चंद्राच्या मनात काय चालले आहे, ते आपण कथेवरून ताडायचे.

आणि कथा तर प्रेक्षकाला पाठच होती. हे फाळक्यांचे मोठे बळ आणि तितकाच मोठा दुबळेपणा. आवाज नाही, पाट्या हिंदी आणि इंग्रजीत, समोर वाचता न येणारा बहुसंख्य प्रेक्षक. अशा वेळी हरिश्चंद्र, सावित्री, राम, कृष्ण यांच्याच गोष्टी घेतल्या तर खेड्यातला माणूसही पहिल्या चौकटीपासून सोबत येतो. 'लंकादहन' १९१७ चा. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत असे सांगतात. पण प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे असे एकदा धरले की दिग्दर्शकाचे अर्धे काम प्रेक्षकच करतो. राज्य दान करताना हरिश्चंद्र क्षणभर तरी कचरला असेल का? ती कचर दाखवावी असे फाळक्यांना वाटलेले नाही. तो सत्यवचनी आहे, म्हणून तो देतो, पुढचे दृश्य.

स्त्रियांच्या भूमिकेतल्या पुरुषांबद्दल हसू नये असे मला वाटते. बायका मिळेनात म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके शोधले. दहा रुपये पगार होता त्याचे पंधरा केले आणि त्यांना तारामती बनवले. पुढे 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. भारतीय पडद्यावरचा हा बहुधा पहिला डबल रोल. तारामती आणि तिच्या सख्यांचे कारंज्यातले जलक्रीडेचे दृश्य पाहा. ओल्या साड्यांतले सगळे पुरुषच आहेत, आणि तरी त्या दृश्यात जो खळखळाट आहे तो बाकीच्या गंभीर प्रसंगांत नाही. तिथे माणसे चित्रातल्यासारखे उभे राहणे विसरली आहेत. फाळके थांबले मात्र नाहीत. हरिश्चंद्रानंतर त्यांनी आपला बाडबिस्तरा मुंबईहून नाशिकला हलवला, आणि पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. याच कमलाबाई पुढे गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. भारतीय चित्रपटात बाईने बाईचे काम केले ते आपल्या गावच्या निर्मितीत, हे परिपाठात सांगायला हवे होते.

आता डाव्या बाजूला ज्याने माझे पान भरून जाते, तो चित्रपट. 'कालियामर्दन', १९१९, नाशिकच्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनीचा. ही कंपनी १ जानेवारी १९१८ रोजी पाच भागीदारांसह उभी राहिली. सुदैवाने या चित्रपटाचा बराचसा भाग उरला आहे. कृष्णाचे काम केले आहे फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, वय वर्षे सातच्या आसपास. सुरुवातीलाच फाळके एक धाडस करतात. ते कृष्ण दाखवतच नाहीत. साध्या वेशातली मुलगी दाखवतात, जवळून, आणि ती एकापाठोपाठ एक भाव करून दाखवते : राग, भीती, हसू. मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. देव पडद्यावर आणण्याआधी, 'ही माझी मुलगी, आता ती सोंग घेणार आहे' असे प्रेक्षकाला सांगून टाकणे, आणि तरी त्याला देवावर विश्वास ठेवायला लावणे! आज असे केले तर समीक्षक त्यावर शोधनिबंध लिहितील. आणि मघाशी मी चेहऱ्यापाशी न जाण्याबद्दल जी तक्रार केली, तिला फाळक्यांनी इथे एकदाच, पण खणखणीत उत्तर दिले आहे.

मंदाकिनीचे काम खरोखर चांगले आहे. लोणीचोरीत आणि शेजारपाजारच्या खोड्यांत ती अभिनय करते असे वाटतच नाही. खेळात रमलेले पोर वाटते. शेवटी कृष्ण डोहात उडी घेतो. पाण्याखाली नागाशी झुंज आणि काठावर आक्रोश करणारे गोकुळ, अशी दृश्ये आलटून पालटून येतात. इथे कॅमेरा खुर्ची सोडून उठला आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी काय घडते आहे ते दाखवून जीव टांगणीला लावायचा, हे निव्वळ सिनेमाचे कसब, नाटकात न जमणारे. तो नाग कापडाचा आहे हे पहिल्या मिनिटाला कळते आणि तिसऱ्या मिनिटाला आपण ते विसरतो.

'श्रीकृष्णजन्म'मध्ये (१९१८) कंसाला भास होतो, त्याचे मुंडके धडावेगळे होऊन वर तरंगते. असे काही करायचे म्हणजे त्या काळी हाताने फिरवायचा कॅमेरा, फिरक्या मोजायच्या, चौकटीचा अर्धा भाग काळा करून चित्रण करायचे, फिल्म तितक्याच फिरक्या मागे न्यायची आणि उरलेल्या भागावर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. एक फिरकी चुकली की सगळे वाया. वीज नाही, तर उन्हात काम. फिल्मच्या कडेची भोके पाडण्यापासून धुण्यापर्यंतची कामे घरात, आणि त्यात सरस्वतीबाई फाळके रात्र रात्र जागलेल्या. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गहाण पडलेले. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) हा संसार आपण सगळ्यांनी पाहिला. तो चित्रपट मला आवडतो, फक्त त्यात सगळे फारच हसतखेळत होते. कर्जाची झोप उडवणारी बाजू त्याने हलक्या हाताने उरकली आहे.

उजव्या बाजूला माझी सर्वांत मोठी तक्रार नाशिककर म्हणून आहे. फाळके नाशिकला आले त्याच्या जेमतेम चार वर्षे आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ज्या विजयानंदात पुढे आपल्यापैकी अनेकांनी सिनेमे पाहिले, तेच हे विजयानंद. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. एवढे सगळे घडत असलेल्या गावात देशातली एक प्रमुख चित्रपट कंपनी होती, आणि तिच्या चित्रपटांच्या नावांची यादी चाळली तर राम, कृष्ण, सावित्री आणि संत. काळारामाच्या दारात माणसे अडवली जात असताना पडद्यावरचा राम सर्वांचा होता, तिकिटाचे पैसे असले म्हणजे झाले. हा विरोधाभास फाळक्यांच्या लक्षात आला असेल की नसेल, पडद्यावर तो आलेला मला दिसत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते : सरकारची कात्री होती, काळ तसा होता. ते पुरते पटत नाही. खाडिलकरांनी 'कीचकवध' पौराणिकच लिहिले होते, आणि सरकारने त्यावर बंदी घातली ती त्यातला कीचक कोण हे कळले म्हणूनच. पुराणकथेतही बोलता येत होते. कोल्हापूरला बाबुराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला : जमीन गमावून शहरात गिरणीत जाणारा शेतकरी, भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. तोही मूकपटच, काळही तोच, पैशाची चणचणही तीच. फाळक्यांना ती वाट सुचली नाही किंवा नको होती. स्वदेशी माणसांनी, स्वदेशी पैशात, स्वदेशी देव पडद्यावर आणायचे, एवढे त्यांचे स्वप्न होते, आणि ते त्यांनी १९१३ मध्येच पुरे केले. पुढची वीस-बावीस वर्षे ते तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

किती अंतर पडले ते एकाच गोष्टीवरून मोजता येते. १९३२ साली प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला 'अयोध्येचा राजा', म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. तारामती दुर्गा खोटे. संवाद नाटकी आहेत, नेपथ्य जड आहे, पण ही तारामती विचार करताना दिसते. तिला पाहताना साळुंके आठवतात आणि मध्ये एकोणीस नव्हे, पन्नास वर्षे गेल्यासारखी वाटतात. त्याच १९३२ मध्ये फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला, मूकपट म्हणून तयार झालेला, आणि बोलपटाच्या लाटेत त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३६ ला दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आला. चमत्कार त्यातही आहेत, शेवटी विमानही येते. पण विमान येते तेव्हा आपले लक्ष मागे राहणाऱ्या जिजाईकडे असते. फाळक्यांच्या चमत्कारात चमत्कारच नायक असतो. पुढच्याच वर्षी, १९३७ ला, सदुसष्ट वर्षांच्या फाळक्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला. त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट, आणि शेवटचा. त्याच वर्षी शांतारामांचा 'कुंकू' लागला होता, म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या मुलीची गोष्ट. प्रेक्षक कुठे गेला होता ते यावरून समजावे.

हे सगळे लिहिताना कुणा ज्येष्ठ शिक्षकांच्या कपाळाला आठी पडली असेल, की आपल्या गावच्या माणसाचे असे माप काढतात का. पण फाळके स्वतः याहून कडक प्रेक्षक होते. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. त्यात स्वतःची धडपड सांगताना त्यांनी काही झाकले नाही. पुढे १९२७-२८ साली रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चित्रपट चौकशी समिती फिरली. तिच्यापुढे फाळक्यांनी देशी चित्रपटांच्या तंत्राबद्दल, अभिनयाबद्दल आणि छायाचित्रणाबद्दल इतके परखड मत दिले, की मी वर लिहिले ते त्यापुढे सौम्यच म्हणावे. शिकवणारी संस्था नाही, कुणाला धड काही येत नाही, असा त्यांचा सूर होता. ज्याने धंदा सुरू केला त्यानेच सरकारपुढे हे सांगावे, याला छाती लागते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बाजूला लिहिता येत नाही. फाळक्यांच्या लघुपटांत नाशिक-त्र्यंबकच्या देखाव्यांचा एक आणि सिंहस्थ पर्वणीचा एक होता. ते मी कुठे पाहिलेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचे रामकुंड, आपल्या पणज्या-पणजोबांचे घाटावरचे चेहरे, पुराच्या आधीची आणि नंतरची गोदावरी. देवांना उभे करण्यासाठी त्यांनी जी मेहनत घेतली तिच्या दशांशही मेहनत या चित्रणाला लागली नसेल, आणि मला विचाराल तर 'लंकादहन' सोडून मी ते पाहीन. जुनी फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी, दमट हवेत चिकट होऊन मातीमोल होणारी. चांदीसाठीही अनेक रिळे धुऊन टाकली गेली. देशात १,३००हून अधिक मूकपट बनले, आणि उरलेल्यांची यादी या स्मरणिकेच्या एका पानावर मावेल. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तुकडे गोळा करून जोडले म्हणून 'कालियामर्दन' तरी आहे.

फाळक्यांनी अखेरची वर्षे नाशिकलाच काढली. चित्रपटसृष्टीच्या रौप्यमहोत्सवानंतर जमलेल्या निधीतून त्यांचे डोक्यावरचे छप्पर झाले, एवढी वेळ आली होती. सरकारी पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू झाला तो १९६९ मध्ये, ते गेल्यावर पंचवीस वर्षांनी. पांडवलेण्यांच्या पायथ्याला स्मारक झाले ते त्याहूनही नंतर. तिथे आपल्यातले बरेचजण मुलांना घेऊन गेले असतील. बाग छान आहे, कारंजेही आहे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर शाळेच्या सभागृहात 'कालियामर्दन' लावायचे ठरले आहे. पाऊण तासाच्या आसपासचा आहे, डुलकी लागण्याआधी संपतो. खिडक्यांना काळे पडदे लावायचे काम १९८४ च्या बॅचने घेतले आहे, पेटीवर साथ करायला आपल्या संगीताच्या सरांनी होकार दिला आहे. मूकपट असल्यामुळे मध्ये मोठ्याने मत दिले तरी चालेल. फक्त सात वर्षांची ती मुलगी पहिल्यांदा पडद्यावर येते तेवढा वेळ शांत बसावे, ही विनंती.